इंग्रजी आडनावाचे मूळ, अर्थ आणि आजची संख्या कशी शोधायची : 'थॅकरे' हाताशी धरून

'कावर्ड' हे इंग्रजी आडनाव वाचले की आधी भित्रा माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात ते गुराख्याचे आडनाव आहे, 'काउ-हर्ड'चे झिजलेले रूप. 'बार्कर'चा भुंकण्याशी संबंध नाही. झाडाच्या सालीने कातडी कमावणारा तो बार्कर. आणि मध्ययुगीन कागदांतला 'फार्मर' बहुधा शेतकरी नसतो. ठरीव रक्कम भरून महसूल गोळा करायचा हक्क घेणाऱ्याला तसे म्हणत. आपल्याकडचा इजारदारच.

म्हणून या कामात एक क्रम पाळायचा. अर्थ शेवटून दुसरा आणि आजची संख्या सर्वात शेवटी. आधी ते नाव कुठे, कोणत्या साली आणि कोणत्या स्पेलिंगने सापडते हे बघायचे. नवीन माणूस नेमका उलटा जातो. आजच्या शब्दकोशात शब्द बघतो, अर्थ ठरवतो आणि मग त्याला पुरावे जोडत बसतो.

कंपनी सरकारचे कागद वाचणारे विद्यार्थी, अनुवादक, जुन्या दफनभूमीतल्या पाट्या टिपून घेणारे, किंवा घरात इंग्रज सून-जावई आल्यामुळे कुतूहल जागे झालेले, असे कोणीही हे काम घरबसल्या करू शकतात. उदाहरण म्हणून 'थॅकरे' घेतले आहे. महाराष्ट्राशी त्याचा एक जुना धागा आहे आणि नवख्याला गाठणारे बहुतेक सापळे या एका नावात भेटतात.

लागणारे सामान

- एक वही किंवा स्प्रेडशीट. रकाने पाच : साल, जागा, जसेच्या तसे स्पेलिंग, नोंद कुठली, शंका. शेवटचा रकाना गाळू नका.
- आडनावांचा भरवशाचा कोश. सध्या सर्वात मोठा म्हणजे २०१६ साली निघालेला ऑक्सफर्डचा चार खंडी कोश. त्यात ४५,००० हून अधिक आडनावे आहेत. विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ऑनलाइन मिळतो का ते विचारा.
- 'फॅमिलीसर्च'चे मोफत खाते आणि 'फ्रीबीएमडी' हे संकेतस्थळ. पहिल्यावर पॅरिश रजिस्टरे (गावोगावच्या चर्चच्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या वह्या) आणि जनगणनांच्या सूच्या, दुसऱ्यावर इंग्लंड-वेल्सच्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदींची सूची.
- ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे जुने सहा इंची (एका मैलाला सहा इंच) नकाशे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात.
- साधा कॅल्क्युलेटर.

आडनावाचे 'राजचिन्ह' छापलेली पाटी किंवा प्रमाणपत्र मात्र घेऊ नका. इंग्लंडमध्ये ढालीचे चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला नाही. ते देणारे, १४८४ मध्ये स्थापन झालेले लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स हेच सांगते. दुकानात मिळते ती भिंतीची शोभा.

१. आधी स्पेलिंगांची यादी करा

आजचे स्पेलिंग हे त्या नावाच्या शेकडो वर्षांच्या प्रवासातले शेवटचे स्टेशन. पाद्री किंवा कारकून कानाला ऐकू आले तसे लिहीत, आणि नावाच्या मालकाला स्वतःला लिहिता येत असेलच असे नाही. एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका स्पेलिंगने आणि दफन दुसऱ्या, हे नेहमीचे.

थॅकरेची ठळक रूपे अशी : टी-एच-ए-सी-के-ई-आर-ए-वाय हे आपल्या ओळखीचे; मधला ई गाळलेले 'थॅक्रे'; शेवटी ए-एच असलेले 'थॅक्रा'; आर-वायने संपणारे 'थॅकरी'; आणि के नंतर डब्ल्यू असलेले 'थॅक्व्रे'. लीड्समध्ये कामगारांच्या व्यवसायजन्य आजारांवर सर्वात आधी लिहिणाऱ्यांपैकी एक डॉक्टर, चार्ल्स टर्नर थॅक्रा (१७९५–१८३३), ए-एच लावत. कादंबरीकार विल्यम मेकपीस यांचे थॅकरे ए-वायचे. मुळात नाव एकच.

शोधताना तारा-चिन्ह (*, कोणत्याही अक्षरांच्या जागी चालणारे) वापरा : टी-एच-ए, तारा, के, तारा, आर, तारा. वरची सगळी रूपे या एका जाळ्यात येतात. जुन्या काळासाठी जाळे उत्तम आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ब्रिटिश नोंदींवर तेच टाकलेत की ठाकूर, ठक्कर आणि ठाकरे हे सगळे आपले लोकही त्यात अडकतात. तेव्हा ते हाताने वेगळे काढावे लागतात.

जाळ्यात काहीच आले नाही तर पहिल्या अक्षरावर संशय घ्या. जुन्या वळणातले मोठे टी आणि एफ डिजिटायझेशन करणाऱ्याच्या नजरेत सहज अदलाबदल होतात. पहिले अक्षर सोडून पुन्हा शोधा.

२. नाव कोणत्या जातकुळीचे ते ठरवा

इंग्रजी आडनावांचे ढोबळ प्रकार चार : गावाचे किंवा जागेचे, धंद्याचे, बापाच्या नावाचे, आणि टोपणनावाचे. मराठी माणसाला हे समजवावे लागत नाही. कर, सुतार, रामजी आणि बोबडे घरात असतातच.

गावाच्या नावाबद्दल एक बारकावा तेवढा धरा. पुण्यात राहणाऱ्याला पुण्यात कोणी पुणेकर म्हणत नाही. पुणे सोडून बाहेर गेला की तो पुणेकर. इंग्लंडातही तसेच. थॅक्रे नावाच्या वस्तीवरून पडलेले आडनाव त्या वस्तीबाहेर गेलेल्या माणसाला चिकटण्याची शक्यता जास्त. म्हणून गावाच्या नावाचे आडनाव त्या गावातच सापडेल असा हट्ट धरू नका. आजूबाजूच्या दहा-पंधरा मैलांत बघा.

मधल्या नावाने फसू नका. 'मेकपीस' हे मुळात वेगळे आडनाव आहे, तंटे मिटवणाऱ्याला पडलेले टोपणनाव. इंग्रज घरांत आईकडचे किंवा आजीकडचे आडनाव मुलाला मधले नाव म्हणून देण्याची रीत होती. ते मुख्य आडनावाचा तुकडा समजू नका.

३. १८८१ चा नकाशा बघा

आजच्या वस्तीवरून मूळ कळत नाही, कारण रेल्वेने आणि गिरण्यांनी माणसे हलवली. तरीही १८८१ ची जनगणना बहुतेक आडनावांसाठी आश्चर्यकारकपणे उपयोगी पडते. ती नावानिशी पूर्ण उतरवून काढलेली आहे, आणि तोवर बरीच कुटुंबे आपल्या जुन्या टापूतच होती. आडनावाचा पसारा एका टापूत दाट आणि बाकी देशात विरळ दिसला, तर मूळ त्या टापूत किंवा त्याच्या शेजारी. सगळीकडे सारखाच पसरलेला दिसला, तर नाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाले असे समजा. 'स्मिथ' तसे. लोहार प्रत्येक गावात होता.

धंद्याच्या नावांनाही भूगोल असतो. विणलेले कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारा कारागीर इंग्लंडच्या आग्नेयेला 'फुलर', नैर्ऋत्येला 'टकर' आणि उत्तरेला 'वॉकर'. काम एकच, बोली तीन.

थॅक्रे आणि त्याची भावंडे १८८१ मध्ये यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमध्ये एकवटलेली आहेत. रायडिंग म्हणजे यॉर्कशरचे जुने विभाग. कादंबरीकाराचे पूर्वजही हॅरोगेटजवळच्या हॅम्प्सथ्वेट गावचे. म्हणजे आता शोध एका जिल्ह्यापुरता उरला.

४. तिथून मागे सरका

ही सर्वात वेळखाऊ पायरी. टप्पे असे :

- १ जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंद.
- १८४१ पासून माणसांची नावे असलेल्या, आज बघता येणाऱ्या दशवार्षिक जनगणना. शंभर वर्षे झाल्याशिवाय त्या खुल्या होत नाहीत. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. पुढची १९३१ ची वाट बघू नका. इंग्लंड-वेल्सची ती कागदपत्रे १९४२ च्या आगीत जळाली, आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही.
- १५३८ पासून पॅरिश रजिस्टरे. प्रत्यक्षात अनेक गावांची १५५८ पासूनच मिळतात, कारण १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवायचा हुकूम झाला तेव्हा निदान राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या उतरवा, अशी सवलत होती. कामचुकारांनी ती आनंदाने घेतली.
- त्याआधी कराच्या याद्या. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्यांत सामान्य माणसांची नावे आहेत, आणि वेस्ट रायडिंगची १३७९ ची यादी चांगली टिकली आहे. त्यात आडनावाआधी 'डी' दिसला तर तो आपला 'कर'. तिथे नाव अजून जागेला चिकटलेले आहे.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे साल. १७५१ पर्यंत इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. रजिस्टरात १० फेब्रुवारी १७२० लिहिले असेल तर ते आपल्या हिशेबाने १७२१. हे न कळल्यामुळे लग्नाआधी मूल आणि मरणानंतर मृत्युपत्र अशा अचाट वंशावळी तयार होतात. वहीत '१७२०/२१' असे दोन्ही लिहा.

दुसरे, १६४२ ते १६६० या यादवीच्या आणि नंतरच्या काळात अनेक रजिस्टरे कोरी किंवा तुटक आहेत. त्या खिंडारावरून अंदाजाने उडी मारू नका; १६६२ नंतरच्या चूलपट्टीच्या याद्यांवरून पलीकडचा काठ सापडतो.

तिसरे, लॅटिन. जुन्या नोंदीत 'फाबेर' दिसला तर ते वेगळे घराणे असेलच असे नाही. कारकुनाने स्मिथचे भाषांतर केलेले असू शकते.

५. गाव शोधा, जरी ते उरले नसले तरी

थॅकरेच्या बाबतीत कोश सांगतात ते ठिकाण म्हणजे ग्रेट टिंबलच्या हद्दीतले थॅक्रे. आजच्या नकाशावर ते सापडणार नाही. लीड्स शहराला पाणी पुरवण्यासाठी १८७० च्या दशकात वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात फ्यूस्टन तलाव बांधला आणि ते ठिकाण पाण्याखाली गेले. धरणाच्या पोटात गेलेले गाव आणि त्याच्या नावाने बाहेर हिंडणारी माणसे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

अशा वेळी तलावाच्या आधीचा नकाशा काढायचा. ऑर्डनन्स सर्व्हेने यॉर्कशरचे सहा इंची नकाशे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला केले. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पारदर्शकता कमी-जास्त करता येते. पट्टी सरकवली की पाणी ओसरते आणि खाली नदी, बांध, वाटा, गोठे दिसू लागतात. 'फ्यूस्टन' शोधून तिथून सुरुवात करा.

जिल्ह्याच्या नावाचा गोंधळ इथेच होतो. जुने कोश हे ठिकाण 'वेस्ट रायडिंग'मध्ये दाखवतात. १९७४ मध्ये रायडिंगे मोडली आणि हा भाग नॉर्थ यॉर्कशरमध्ये गेला. वेस्ट रायडिंग म्हणजे वेस्ट यॉर्कशर असे धरून शोधलेत तर दिवसभर चुकीच्या परगण्यात भटकाल.

६. आता अर्थ

जागेच्या नावाचा अर्थ लावताना प्रश्न असा विचारायचा : हे नाव पडले तेव्हा तिथे कोणती भाषा बोलत होते? यॉर्कशरमध्ये व्हायकिंग वस्ती दाट होती, म्हणून तिथे आधी जुनी नॉर्स बघायची. 'थाक' म्हणजे छपरावर घालायचे गवत, लव्हाळे. 'व्रा' म्हणजे कोपरा, एका बाजूला पडलेली जागा. थॅक्रे म्हणजे लव्हाळ्याचा कोपरा. घर शाकारायला जिथून गवत आणायचे ती जागा.

डब्ल्यू असलेले 'थॅक्व्रे' हे स्पेलिंग चूक वाटते, पण 'व्रा'तला 'व' त्यातच जपला गेला आहे. इंग्रजीतले 'व्रे' हे आडनावही त्याच 'व्रा'चे. पहिल्या पायरीला विचित्र स्पेलिंगेही यादीत घेतली ती यासाठी.

आणि एक गंमत. 'थाक' आणि इंग्रजी 'थॅच' यांचा धातू संस्कृतातल्या 'स्थग्', म्हणजे झाकणे, याचा भाऊबंद आहे. आपण सभा स्थगित करतो ती त्याच धातूने. पण हे भाषांचे नाते झाले. त्यावरून थॅकरे आणि ठाकरे यांची सोयरीक जुळवायला जाऊ नका. प्रबोधनकारांनी आपले आडनाव इंग्रजीत लिहिताना त्या कादंबरीकाराचे स्पेलिंग उचलले, एवढाच तो दुवा. बाकीचे ठाकरे इंग्रजीत सरळ टी-एच-ए-के लिहून पुढे जातात.

अर्थ मिळाला की घराणे मिळाले, असेही नाही. एका वाडीतून शंभर वर्षांत चार वेगळी कुटुंबे बाहेर पडली तरी चौघांनाही तेच नाव पडते.

७. आजची संख्या, आणि तिच्यावर किती विसंबायचे

'जगात या आडनावाची इतकी माणसे' असा आकडा देणारी संकेतस्थळे बरीच आहेत. तो आकडा मोजलेला नसतो, मतदारयाद्यांसारख्या साधनांवरून अंदाजलेला असतो. वहीत उतरवताना साल, प्रदेश आणि साधन ही तिन्ही नसतील तर आकडा उतरवूच नका.

मोजलेले आकडे तीन ठिकाणी मिळतात : १८८१ ची जनगणना, ऑक्सफर्डच्या कोशातले ग्रेट ब्रिटनचे २०११ चे आकडे, आणि अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या २००० व २०१० च्या याद्या. अमेरिकी यादीत किमान १०० माणसे असलेलीच आडनावे असतात. तुमचे नाव त्यात नाही म्हणजे अमेरिकेत कोणीच नाही, असे नव्हे.

आकडे थेट ताडू नका, लोकसंख्येने भागा. १८८१ मध्ये ग्रेट ब्रिटनची लोकसंख्या सुमारे २ कोटी ९७ लाख होती, २०११ मध्ये सुमारे ६ कोटी १४ लाख. म्हणजे २.०७ पट. १८८१ मध्ये १,००० माणसे असलेले आडनाव २०११ मध्ये २,०७० वर असेल, तर ते वाढले नाही. दर दहा लाखांत ३४ च्या आसपास होते, तितकेच राहिले. १,५०० वर असेल तर आकडा वाढूनही नाव मागे पडले. अमेरिकेत २०१० मध्ये स्मिथ २४,४२,९७७ होते, दर लाखात ८२८. तुलना करायची ती या दुसऱ्या आकड्याची.

स्पेलिंगांची बेरीज करायची की नाही हे आधी ठरवा. मूळ शोधत असाल तर थॅकरे, थॅक्रे, थॅक्रा यांची बेरीज करा. एका स्पेलिंगचे भवितव्य बघत असाल तर वेगळे ठेवा. दोन्ही मिसळलेत तर आकडा कशाचाच राहत नाही.

सगळ्यात मोठा सापळा मात्र सारख्या स्पेलिंगचा, आणि तो मराठी माणसाला इतरांआधी दिसायला हवा. एम-ओ-आर-ई : इंग्रज वाचेल 'मोर', म्हणजे माळरान-दलदलीजवळ राहणारा, आपण वाचू मोरे. जी-ओ-आर-ई : त्यांचा 'गोर', जमिनीचा त्रिकोणी तुकडा, आपले गोरे. के-ए-एन-ई : आयरिश 'केन', आणि आपले काणे. आकडा काढणारे यंत्र यात फरक करत नाही. लंडनमधल्या 'मोर' मंडळींत किती मोरे आहेत हे पहिल्या नावांशिवाय कळत नाही. 'गिल'चेही तेच, इंग्रज घळीतला आणि पंजाबी जाट एकाच रांगेत. भारतातल्या 'थॅकरे' स्पेलिंगचा आकडा यॉर्कशरच्या खात्यावर जमा करणे ही याच चुकीची सर्वात हास्यास्पद आवृत्ती.

संख्या म्हणजे रक्ताचे नातेही नव्हे. 'वॉशिंग्टन' हे इंग्लंडच्या जुन्या ड्युरॅम परगण्यातल्या गावाचे नाव. २०१० च्या अमेरिकी यादीत ते लावणाऱ्या दर शंभरातले सुमारे ८७ जण कृष्णवर्णीय आहेत. गुलामगिरीतून सुटलेल्यांनी घेतलेले किंवा त्यांच्यावर पडलेले आडनाव इंग्लंडातल्या गावाकडे वंश म्हणून नेता येत नाही.

८. नाव भारतात सापडले असेल तर

कंपनीच्या आणि नंतरच्या ब्रिटिश अमलातल्या बाप्तिस्मा, विवाह, दफन नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत : एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. महाराष्ट्रासाठी एन/३ पासून सुरू करा, पण दक्षिण महाराष्ट्र आणि धारवाडकडच्या माणसांसाठी एन/२ सुद्धा उघडा. तिकडचे सुरुवातीचे अनेक अधिकारी मद्रास इलाख्यातून आलेले होते. धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईत मारला गेला, त्याच्यासारख्यांचा माग दोन्हीकडे काढावा लागतो.

मराठी किंवा मोडी कागदातून उलटे इंग्रजी आडनावाकडे जायचे असेल, तर आपल्या कानाचे नियम आधी सोडवा. शब्दारंभी 'स्ट' आला की मराठी जीभ पुढे 'इ' लावते आणि 'स्ट'चा 'ष्ट' करते. १७७९ मध्ये पडलेला कॅप्टन स्टुअर्ट आपल्याकडे 'इष्टूर फाकडा' झाला तो असा. सुरुवातीची 'इ' काढा, 'ष्ट'चा 'स्ट' करा, शेवटचे गळलेले व्यंजन परत लावून बघा, आणि हाती लागलेले रूप घेऊन पहिल्या पायरीपासून सुरू करा. स्टुअर्टच्या बाबतीत तीन स्पेलिंगे निघतील, डब्ल्यूचे, यूचे आणि शेवटी डी असलेले. अर्थ मात्र एकच : मोठ्या घराचा कारभारी.